हिरव्या चष्म्यातला ठिपका

शस्त्रागाराच्या त्या लांबट खोलीत शिरलं की आधी तेलाचा वास यायचा, मग मिस्त्रींचं खाकरणं ऐकू यायचं आणि त्यानंतर खुद्द मिस्त्री दिसायचे. हा क्रम कधी चुकला नाही. बुटके, पोट सुटलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, खांद्यावर काळपट फडकं. एखाद्या मुरलेल्या नटाचं पहिलं वाक्य ठरलेलं असावं तसा त्यांचाही पहिला सवाल ठरलेला होता, "पाय पुसले का?" समोर साधा शिपाई असो की तुकडीचे साहेब. साहेबसुद्धा निमूट मागे जाऊन पाय पुसून यायचे.

मिस्त्री मूळचे कुलुपं दुरुस्त करणारे. बापाचं बोळातलं दुकान बसलं आणि हे सरकारी शस्त्रागारात चिकटले. हात कमालीचा हलका. बिघडलेली रायफल त्यांच्या मांडीवर आली की तापातलं लेकरू आईच्या मांडीवर शांत व्हावं तशी व्हायची. पन्नाशी उलटल्यावर तुकडीत लेझरच्या पेट्या आल्या, तेव्हा बाकीचे जुने कारागीर नाकं मुरडत बसले. मिस्त्री मात्र नव्या नवरीचं कौतुक करावं तसे त्या पेटीकडे बघत राहिले आणि महिन्याभरात तिचे सगळे स्वभाव शिकले.

नव्या भरतीच्या पोरांना ते समजावायचे, "ही पेटी नळीच्या बाजूला बसते. हिच्यातून दोन किरण निघतात. एक लाल, चारचौघांना दिसतो. दुसरा लाजाळू. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, हा अंधारातला हिरवा चष्मा डोळ्यांवर चढवला तरच दिसतो. काळोखात तुम्ही नेम धरायचा नाही. ठिपका ठेवायचा आणि घोडा दाबायचा. पण ठिपका जिथे, गोळी तिथेच गेली पाहिजे. नाहीतर बायको बोट दाखवते एकीकडे आणि नवरा बघतो भलतीकडे, असा संसार व्हायचा." पोरं हसायची. "हे दोघांचं जुळवणं म्हणजे झिरो करणं. ते मी करतो. तुम्ही फक्त पेटी पाडू नका."

पोरं पाडायचीच. आणि पाडली की सांगायची नाहीत, कारण दंड व्हायचा. फडक्याने पुसून गुपचूप जागेवर ठेवायची.

डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली ती उन्हाळ्याच्या आधी. डावा आधीच अधू होता. उजव्यात मधोमध एक करडा डाग आला, काचेवर अंगठा उमटावा तसा. पुसला तरी जाईना, कारण तो काचेवर नव्हताच. दूरच्या पेठेतल्या, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा डॉक्टरने सांगितलं की आतला पडदा झिजतो आहे, परत नीट होणार नाही. मिस्त्री घरी आले आणि बायकोला म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. ती म्हणाली, "वयाने वाढेल नाहीतर काय कमी होईल?" विषय संपला.

हिरव्या चष्म्यातून बघितलं की त्यांना मैदानाच्या कडा दिसायच्या, वाळूच्या पोत्यांची रांग दिसायची, आणि ठिपका जिथे असायचा नेमका तिथे करडा डाग. मग त्यांनी युक्ती काढली. गोळीबाराच्या बंद शेडमध्ये दिवे लावायचे, रायफल शिकंज्यात आवळायची, एक गोळी झाडायची, लाल किरण सोडायचा, चालत कागदापर्यंत जायचं आणि मान वाकडी करून जवळून बघायचं, भोकापासून लाल ठिपका कुठे पडलाय. परत यायचं, स्क्रू फिरवायचा, पुन्हा जायचं. लाल जुळला की दुसराही जुळलाच, कारण कारखान्यातून दोघे जुळ्या भावांसारखे एकत्र बांधून येतात. युक्ती खरी होती. पेटी कधी पडली नसेल आणि कधी उघडली नसेल, तर खरी.

त्या दुपारी गावाबाहेरच्या बंद कारखान्यात काही बंदूकवाल्यांनी पहारेकऱ्याला बायकोमुलांसकट कोंडून ठेवल्याची बातमी आली. अंधार पडताच तुकडी आत शिरणार होती. मिस्त्रींचा जावई त्याच तुकडीत. रायफल न्यायला तो आला, पाय पुसून आला.

"या जावईबापू. तुमची राणी तयार आहे," मिस्त्रींनी रायफल पुढे केली.

जावयाने पेटी कानाशी धरून हलवली. "मामा, मागे हिच्यात काहीतरी खुळखुळायचं. तुम्ही उघडलीत तेव्हापासून गेलं बघा."

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला. ते साफ विसरले होते. गेल्या पावसाळ्यात, डोळा धड होता तेव्हा, ती पेटी त्यांनीच उघडली होती. आतली सैल झालेली लाजाळू किरणाची बैठक त्यांनीच आवळली होती. म्हणजे या पेटीतले जुळे भाऊ केव्हाच वेगळे झाले होते, आणि सकाळी लाल किरण जुळवून त्यांनी ती तयार म्हणून ठेवली होती.

"चला शेडमध्ये," ते म्हणाले.

"आता? गाड्या लागल्यात."

"चला म्हणतो ना."

शेडचं दार लावलं, दिवे मालवले, आणि प्रयोगाआधी विंगेत असतो तसा मिट्ट काळोख झाला. शिकंजा आवळल्याचा आवाज आला. जावयाने हिरवा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"कुठेय ठिपका?"

"खाली. डावीकडे. मामा, भोकापासून बराच खाली आहे."

"बराच म्हणजे?"

"पंजा मावेल मध्ये."

मिस्त्रींनी पेचकस काढून चाचपडत स्क्रूवर टेकवला आणि फिरवला. टक, टक, टक.

"आणखी डावीकडे गेला."

झोपेतून उठवलं तरी जो हात चुकला नसता, तो भीतीने उलटा फिरला होता. मिस्त्रींनी बोटं फडक्याला पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. जावई सांगत गेला, ते फिरवत गेले. मधेच जावई थांबला.

"मामा, तुम्ही का नाही बघत? तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कधी रायफल उचलली नाही." त्याने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

मिस्त्रींनी तो लावला. हिरवी पोती, हिरवी भिंत, दाराची हिरवी चौकट. मधे डाग. हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. जन्मभर त्यांचं हो खणखणीत नाण्यासारखं चाललं होतं.

"मला मधलं काही दिसत नाही," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"हिला माहीत आहे?"

"तिच्या आईलाही नाही."

मग जावयाने चष्मा परत घेतला, उरलेलं जुळवून घेतलं आणि गोळ्या झाडून खात्री केली. भोकं ठिपक्यावरच पडली होती.

"झालं," तो हळूच म्हणाला. "हे इथेच राहू द्या मामा. नोकरी जाईल, सरकारी घर जाईल. मी बोलणार नाही कुठे."

"बाकीच्या रायफली?"

"त्या कुठे उघडल्या होत्या तुम्ही?"

"नाही उघडल्या. पण पडल्या नसतील कशावरून? पाडल्यावर मला येऊन कोण सांगतं?"

जावयाला उत्तर माहीत होतं, तोही त्याच पोरांतला होता.

बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती. मिस्त्री धावत सुटले. त्यांना धावताना त्या आवारात कोणी कधी पाहिलं नव्हतं. साहेब पुढच्या गाडीत चढत होते.

"साहेब, सगळ्या पेट्या परत बघायला लागतील. हिरवा चष्मा लावून."

"परत म्हणजे? तुम्हीच तयार करून दिल्यात ना?"

"लाल किरणावर दिल्या. हिरव्या चष्म्यात मला ठिपका दिसत नाही. डोळा गेलाय."

साहेबांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आत लेकरं आहेत, मिस्त्री. एकेक मिनिट मोजतायत ती."

"म्हणूनच आलो, साहेब. वीतभर चूक झाली तर गोळी त्यांच्यातच जाईल."

साहेब खाली उतरले. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि मिस्त्रींनी खिशातला पेचकस त्यांच्या तळहातावर ठेवला. बापाच्या दुकानातला होता तो, मूठ झिजून त्यांच्याच अंगठ्याच्या आकाराची झाली होती.

तुकडी शेडमध्ये ओळीने आडवी झाली. दिवे मालवले. मिस्त्री काडतुसांच्या रिकाम्या खोक्यावर बसून राहिले. इतर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिरवा उजेड होता, त्यांच्यासमोर काहीच नव्हतं. पेचकस भलत्याच हातात टकटकत होता, घाईघाईने, जरा जास्तच जोरात. "जुळला." "जुळला." मग एक पोर, ज्याला सगळे लांब्या म्हणायचे, दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझा फार बाजूला आहे. परवा जिन्यात हातातून सुटली होती." कोणी त्याला काही बोललं नाही. मिस्त्रींनाही कोणी काही बोललं नाही.

गाड्या उशिराने निघाल्या. जाताना जावयाने वाकून नमस्कार केला की बुटाची नाडी बांधली, हे त्यांना नीटसं कळलं नाही. आवार रिकामं झालं. त्या गेलेल्या वेळात कारखान्यात काय झालं असेल, हा विचार ते करत नव्हते आणि दुसरं काही करतही नव्हते.

शस्त्रागारातला भिंतीवरचा फोन वाजला. ते पाय न पुसताच आत गेले.

"बाबा, निघाले का हे?" मुलीचा आवाज. आज ती आईजवळ येऊन राहिली होती.

"निघाले."

"रायफल तुम्ही बघितलीत ना? तुम्ही बघितली असली की मला झोप लागते."

"त्यांनीच बघितली."

"त्यांनी? तुम्ही का नाही?"

मिस्त्रींनी मोकळ्या हाताने मागे स्टूल चाचपलं, ओढलं आणि त्यावर बसले.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी आईला बोलाव. दोघी ऐका."