स्वेच्छेने

पत्र लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. मी मुख्याध्यापिका होते, आणि डोणगावच्या आसपासच्या शाळांतले बाकीचे मुख्याध्यापकही कठीण पत्र आलं की मला फोन करायचे. मेडिकल बिलाचा पाठपुरावा असो, नाहीतर कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर. मी सांगायची आणि ते लिहून घ्यायचे. म्हणून मानवी हक्क आयोगाची नोटीस वरच्या कार्यालयामार्फत माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी घाबरले नाही. आता सांगायला लाज वाटते, पण नोटीस वाचता वाचताच उत्तराचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं होतं.

तक्रार आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची होती. अंगावर कोड आहे म्हणून आपल्याला स्वयंपाकावरून काढलं, वेगळी वागणूक दिली, असं तिचं म्हणणं होतं. बाहेरगावी वकिलीचं शिकणाऱ्या भाचीनं तिला अर्ज लिहून दिला होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

ती नऊ वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करत होती. माझ्याच वयाची, बोलायला कमी आणि कामाला चोख. डाळ निवडताना खडा तिच्या नजरेतून सुटत नसे. पुढे तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले. मग ते पंजावर चढले आणि वर्षभरात ओठांच्या कडेला दिसू लागले. गावातल्या तीन-चार बाया एके दिवशी ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, आमचे पोरं तिच्या हातचं खाऊन नाही राह्यले," त्यातली एक म्हणाली.

मी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे मला माहीत होतं. विज्ञान मीच शिकवायची. हे त्या बायांना सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. पण गावाशी वाकडं घ्यायचं नव्हतं, निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती, आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष त्यांच्यापैकीच एकीचे दीर होते. मी म्हटलं, "बघते मी."

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. "काही दिवस तू स्वयंपाक करू नकोस. वर्ग झाडत जा, मैदान झाडत जा."

"काऊन मॅडम?" तिनं विचारलं. "खिचडी खारट झाली का?"

"तसं नाही. तुला जरा आराम पडेल."

मग मी एक कोरा कागद घेतला आणि तिच्या वतीनं अर्ज लिहिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मला स्वयंपाकाचे काम झेपत नसल्याने मी स्वेच्छेने सदर काम सोडून साफसफाईचे काम स्वीकारत आहे.' तिला सही करता येत होती, पण वाचणं जमत नव्हतं. सही करताना तिनं विचारलं, "काय लिवलं मॅडम?"

"तुझं काम सुटणार नाही, असं लिहिलंय."

तिनं हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

पुढचे सहा-सात महिने ती झाडत राहिली. स्वयंपाकाला घेतलेल्या नव्या बाईनं तिच्यासाठी एक स्टीलचा पेला वेगळा काढला आणि सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवला. तो पेला ऑफिसातून दिसायचा. का बांधला हे मी विचारलं नाही आणि सोड असंही कुणाला सांगितलं नाही.

नोटीस आली त्या आठवड्यात मी तीन पानांचा खुलासा लिहिला. अर्जदार श्रीमती अमुक यांनी स्वेच्छेने काम बदलून मागितले. शाळेने त्यांच्या प्रकृतीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. भेदभावाचा आरोप निराधार असून शाळेची प्रतिमा मलिन करण्याच्या हेतूने केलेला आहे. सोबत तिच्या सहीचा अर्ज जोडला. नऊ वर्षं मी तिला अगं-तुगं करत आले होते. श्रीमती पहिल्यांदा म्हटलं ते तिला खोटं पाडताना.

वरच्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. "खुलासा असावा तर असा, मॅडम. कुठं बोट ठेवायला जागा नाही."

मला आनंद झाला. ही गोष्ट लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. त्या संध्याकाळी मी घरी साहेबांचं ते वाक्य दोनदा सांगितलं.

सुनावणी बुलढाण्याला होती. आयोगाचे सदस्य व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून बोलणार होते. सकाळी मेहकरहून एसटीत बसले. गाडी भरत आली तेव्हा ती आणि तिची भाची चढली. भाचीला मागे कुठेतरी जागा मिळाली. तिच्यासाठी फक्त माझ्या शेजारची सीट उरली होती. ती थोडा वेळ दांडा धरून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बसा ना मावशी, जागा हाय तं." तेव्हा ती बसली. पण सीटच्या कडेला, अर्धी बाहेर. आणि दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले. गाडी वळणावर कलंडली की ती हात न काढता पायांनी तोल सावरत होती.

चिखली आली. मग तिनं समोर पाहतच विचारलं, "मॅडम, मी काय चुकली होती का कामात?"

"नाही," मी म्हटलं. त्यापुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. ज्या बाईला अख्ख्या तालुक्याची पत्रं सुचत होती, तिला.

सुनावणी जेमतेम पंधरा मिनिटं चालली. सदस्यांनी तो अर्ज वाचून दाखवला आणि तिला विचारलं, "हा अर्ज तुम्ही दिला होता?"

तिनं तो पहिल्यांदाच ऐकला होता. पडद्यावर दिसणाऱ्या अर्जाकडे तिनं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "सही माई हाय साहेब. अक्षर मॅडमचं हाय. लय चांगलं अक्षर हाय त्यायचं." त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

सदस्य माझ्याकडे वळले. "सही घेण्याआधी हा अर्ज त्यांना वाचून दाखवला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

शाळेतले काहीजण नंतर म्हणाले, मॅडम खरं बोलल्या, हिंमत लागते. तसं काही नव्हतं. पडद्यावर माझं अक्षर सगळ्यांना दिसत होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर पदराखाली झाकलेले दोन हात होते. खोटं बोलायला तोंडच उघडलं नाही, एवढंच. बाहेर आल्यावर, सुनावणीला आलेले साहेब चिडून म्हणाले, "एक हो म्हणायला काय जात होतं तुमचं?" 

तिला पुन्हा स्वयंपाकावर घ्यावं, मी लेखी माफी मागावी, आणि पालकांची सभा घेऊन या आजाराची माहिती द्यावी, असा आदेश आला. सभा मी घेतली. ऑफिसात जे सांगायला हवं होतं तेच बोलले. दोन बाया उठून गेल्या, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. माफीनामा मात्र चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी त्यात 'गैरसमजातून' हा शब्द येत होता, आणि माझा गैरसमज कधीच झाला नव्हता. शेवटी दोन ओळी राहिल्या. त्या मी तिला तिच्या घरी जाऊन वाचून दाखवल्या. तिनं ऐकल्या आणि म्हणाली, "ठीक हाय." चहा ठेवायला ती उठली नाही.

ती कामावर आली त्या दिवशी मी मुलांच्या आधी ताट घेऊन चुलीपाशी गेले. मुलं बघत होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हटलं, "वाढा मला." तिनं दोन पळ्या खिचडी वाढली, वर तेलाची धार सोडली. मी तिथंच बसून पहिला घास घेतला.

ती पळी हातात धरून उभी होती. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "त्या बाया आल्या होत्या ना मॅडम, तवा खाल्लं असतं तं बरं झालं असतं."

आणि ती मुलांना वाढायला वळली. काही मुलं आठवडाभर डबा आणत राहिली, मग तीही रांगेत आली. ती अजून तिथंच आहे. मी निवृत्त झाले. डोणगावच्या बाजारात कधी गाठ पडते. ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मी तिच्या भाचीची. मी आता तिला अहो म्हणते. तिला त्यानं अवघडल्यासारखं होतं, हे दिसतं मला.