दोघींच्या नावाने अर्ज

मुक्त विद्यापीठाच्या आमच्या अभ्यासकेंद्राचं माहितीपत्रक हातात दिलं की लोक आधी फी बघतात. मावशींनी कागद अंगठा आणि बोटात धरून चोळला. "कागद कच्चा हाय सर. एका धुण्यात जाईल."

आंधळगावच्या विणकर घरातली बाई; साडी असो की कागद, चोळून बघितल्याशिवाय पुढं जायची नाही.

मागे सून उभी होती, पदराचं टोक पिळत. मावशींचा मुलगा वारला तेव्हापासून पोरीनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बारावी झालेली. पदवी मिळाली तर नोकरीचा अर्ज तरी करता येईल, नाहीतर जन्मभर अशीच कोपऱ्यात बसेल, हे मावशींनी एका दमात सांगितलं.

मी समजावलं. वर्षाची फी एकदम भरली तर स्वस्त पडते. एकेका विषयाची भरली तर परीक्षा देत क्रेडिट जमवायचे. महागही पडतं आणि पदवीला वेळही लागतो. त्यांच्याजवळच्या पैशात सुनेचं अख्खं वर्ष बसत होतं. "एकदम भरा," मी म्हणालो.

"नाही. एकेक विषय भरा. दोघींचा."

"मावशी, तुम्ही कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काहून? माग एकट्यानं चालते का? एक विणते, एक सुताच्या कांड्या भरते. पोरगी एकटी येत नाही सर. आन् माही बी बारावी झाली हाय."

माझं डोकंच फिरलं. पण पैसे त्यांचे, हट्टही त्यांचा. दोन अर्ज भरले.

वर्गात मावशी खुशाल डुलक्या घ्यायच्या. शिकवणाऱ्या सरांनी प्रश्न विचारला की मात्र जाग्या होऊन सुनेला कोपरानं ढोसायच्या, "सांग ना वो!" आधी ती कुजबुजायची. दिवाळीनंतर तर सरांशी वाद घालायला लागली. मावशी वळून सगळ्यांकडं अशा बघायच्या, की जणू उत्तर त्यांनीच दिलंय.

परीक्षेला पर्यवेक्षक मीच होतो. मावशींची उत्तरपत्रिका कोरी. मी वाकून म्हटलं, "येत नसेल तर जा घरी. उगाच का ताटकळता?"

त्यांनी पुढच्या बाकावर मान घालून लिहिणाऱ्या सुनेकडं पाहिलं. "मी उठली त पोरगी बी उठून जाईल. बसू द्या मले."

मी पाण्याचा ग्लास आणून त्यांच्यापुढं ठेवला.

सून पास झाली, मावशी साफ नापास. यंदा सून एकटीच आली आणि अख्ख्या वर्षाची फी भरून मोकळी झाली. मावशी कुठं, म्हणून विचारलं.

"घरी आहेत. मी म्हटलं, चला ना. तर म्हणाल्या, माहं शिक्षण झालं."