देवाचे दोन नारळ

हिराजीकाका गेल्याचं कळलं ते गेल्या महिन्यात, साळावहून आलेल्या पोस्टकार्डावर. वाचून रडू यायला हवं होतं. पण माझ्या छातीत धडधडच सुरू झाली, त्यांच्या होडीत बसल्यासारखी. या माणसाची आठवण मला शांतपणे कधी येतच नाही...

आम्ही घाटावरचे. वडील मास्तर, बदली होऊन साळावला आलेले. माझं मॅट्रिकचं केंद्र खाडीपलीकडे रेवदंड्याला, आणि पहिला पेपर नेमका धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. पुनवेचं उधाण! भरतीचं पाणी खाडीत असं घुसत होतं की सगळ्यांनी होड्या वर ओढून घेतलेल्या. पेपर बुडाला तर वैशाखात मला बोहल्यावर उभं करायचं, हे घरात ठरलेलं. मी काठावर चक्क भोकाड पसरलं. होडीवाले हिराजीकाका माडाला टेकून विडी ओढत होते. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, विडी विझवली आणि म्हणाले, "बस."

होडी अरुंद, दोन माणसं शेजारी बसायची नाहीत. मी बसताच त्यांनी सुंभाने जोडलेले दोन न सोललेले सुके नारळ माझ्या काखांखाली बांधले. "पलीकडच्या देवाचं हायेत. अंगावरनं काढायचं न्हाय, देव कोपतो." मी भक्तिभावाने नमस्कारही केला! मग होडी निघाली ती रेवदंड्याकडे नाही, सरळ समुद्राकडे.

"काका, परीक्षा तिकडे आहे!" मी किंचाळले.

"ठावं हाय. तिकडं तोंड केलं तर पानी आपल्याला पार रोह्याला नेऊन टाकील."

काठाकाठाने वल्हवत त्यांनी होडी खाडीच्या मुखापर्यंत नेली, फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे वळवली, आणि मग... भरतीनेच आम्हाला उचललं! होडी तिरकी पळत सुटली. पाणी आत येतंय, मी ओंजळीने उपसतेय, काका "व्हय, व्हय, अशीच!" म्हणून ओरडतायत, मला की होडीला, देव जाणे. तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही आणि तेवढी खूशही कधी झाले नाही. पलीकडच्या वाळूत होडी घुसली तेव्हा मी नखशिखांत भिजले होते, वेड्यासारखी हसत होते आणि पेपरला चांगला तासभर अवकाश होता.

"नारळ देवळात देऊन येऊ?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. परतीला लागतील."

पुढच्या सगळ्या पेपरांना तेच नारळ माझ्यासोबत ये-जा करत होते. काकांचा देव भलताच सोशिक, असं मला वाटलं. मी पास झाले, शिक्षिका झाले, आणि एकदा मुरूडला कोळ्यांची पोरं असेच नारळ काखेत बांधून पोहायला शिकताना दिसली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तडक जाऊन काकांशी भांडले. ते पोट धरून हसले. "खरं सांगितलं असतं, तर बसली असतीस व्हय?"

परवा त्यांच्या घरी गेले. नारळ खुंटीला होते. काकांच्या पत्नीला, चांगुणाकाकींना, मी ही सगळी गंमत रंगवून सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"रोज सकाली मीच ठेवायची ते होडीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी. त्यांना कुठं पवता येत हुतं?"

मी नारळ खुंटीवरून काढून मांडीवर घेतले. सुकून अगदी हलके झाले होते. अंगावरून काढायचे नाहीत, असं सांगणारं आता कोणी नव्हतं... तरी बराच वेळ मी ते सोडले नाहीत.