ताईबाईच्या नावाची सव्वा मूठ

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायचे म्हणजे घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. ते रोट खायचे फक्त घरच्यांनी. शेजारणीच्या पोरालाही त्यातला तुकडा मिळत नाही, दिल्या लेकीलाही नाही. उरले तर जमिनीत पुरायचे, पण बाहेर द्यायचे नाहीत.

मी सावद्याजवळच्या या घरात सून म्हणून आले त्या वर्षी सासूबाई, म्हणजे बेबाबाई, नावं घेत होत्या. नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं झालं, पोरांचं झालं. मग म्हणाल्या, "कुंदाची. ताईबाईची. अन् आता आपल्या सुनंदाची." सुनंदा म्हणजे मी. ही ताईबाई कोण, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कुंदाअक्का माझ्या सासऱ्यांची, जीवरामनानांची, धाकटी बहीण. जामनेरला दिली होती, वर्षाच्या आत परत आली. का, ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. परत आली म्हणून तिचं नाव पुन्हा सुपात आलं. केळीची बाग तीच बघायची. तोंड असं फटकळ, की घड कापणारे गडी नानांपेक्षा तिला भ्यायचे. ताईबाई धुळ्याकडची विधवा, गावात सरकारी नर्सबाई म्हणून आलेली. आमची मागची खोली तिने भाड्याने घेतली आणि पुढे भाडं आपोआप सुटलं. दोघींची चूल एक. उन्हाळ्यात अंगणात दोघी एकाच बाजेवर झोपायच्या, अख्ख्या गावासमोर. गाव म्हणायचं, मैत्रिणी हायेत बाप्पा, एकमेकींना धरून ऱ्हातात. सासूबाईंना टायफॉईड झाला तेव्हा ताईबाईने त्यांचं सगळं अंथरुणात केलं. "जिनं माझी घाण काढली ती परकी कशी?" असं म्हणून सासूबाईंनीच तिच्या नावाचे गहू काढायला सुरुवात केली होती.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला पेपरात एक बातमी आली. दूर कुठल्याशा राज्यात दोन बायांनी देवळात एकमेकींना हार घातले आणि त्यापायी दोघींची नोकरी गेली. अक्का तो पेपर पदराखाली लपवून माझ्याकडे आली.

"वाच, सुनंदा."

मी वाचलं.

"पुन्हा वाच. देवळात घातले?"

मी पुन्हा वाचलं. तिने पेपर परत घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाली, "मले वाटे, जगात आमी दोघीच असू." हसली आणि डोळ्याला पदर लावला. मला तेव्हा कळलं. खरं सांगते, किळसबिळस काही आली नाही. अक्काच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिलाच नव्हता.

पण तोच पेपर हजामाच्या दुकानातही वाचला गेला. स्टँडवरची टवाळ पोरं ताईबाईला विचारायला लागली, बाई, हार आणू का? जिच्या हातून बाळंत झाल्या त्याच बाया तिला घरात घेईनात. मेल्यांना इतकी वर्षं ती बाज दिसली नव्हती. पेपराने दाखवली तेव्हा दिसली.

त्या श्रावणात सासूबाई गहू काढायला बसल्या. "कुंदाची," म्हणाल्या आणि थांबल्या. ताईबाई न्हाऊन, ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभी होती.

"ताईबाईची ऱ्हायली," अक्का म्हणाली.

नाना भिंतीकडे बघत बोलले, "यंदापासून घरातल्यांचीच."

"मंग माझीबी काढू नका."

आणि तेवढ्यात ताईबाईच बोलली. एरवी कुंदे म्हणून हाक मारणारी, पण त्या दिवशी म्हणाली, "ऱ्हावू द्या, कुंदाबाई. मी ते बाहेरनी शे, घरनी नही." अक्काने तिच्याकडे असं बघितलं, की मला तिथे बसवेना.

ताईबाईने धुळ्याला बदली मागून घेतली. गाव गप्प झालं, घरही निवांत झालं. अक्काच्या नावाची मूठ दरवर्षी पडायची, पण रोटाला तिने पुन्हा तोंड लावलं नाही. तिच्या वाटणीचे रोट मी परसात पुरायची आणि मला सगळ्यांचा संताप यायचा. ती बाजही तिने गड्याला देऊन टाकली.

वर्षं गेली. बागेत ठिबक आलं, घरात टीव्ही आला. माझी थोरली लेक जळगावला कॉलेजात गेली. एकदा सुट्टीत आली आणि मला म्हणाली, "आई, मुंबई-पुण्याकडे अशा माणसांच्या संघटना निघाल्यात. मासिकात येतं. यात पाप नाही की रोग नाही." मी म्हटलं, हे दहा वर्षं आधी का नाही गं छापलं कोणी?

सत्त्याण्णव साली सासूबाईंचा हात थरथरायला लागला आणि सूप माझ्याकडे आलं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. नाना समोर बसलेले. अक्का खांबाला टेकून. मी नावं घेत गेले. "कुंदाअक्काची," म्हटलं, मूठ टाकली. पुन्हा मूठ भरली आणि नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताईबाईची."

नानांनी मान वर केली. बोलली ती अक्का.

"तिची नको काढू. जित्यांच्याच नावाची काढतात."

"म्हणजे? कधी?"

"चैत्रात. नव्या नर्सबाईनं सांगितलं."

"अक्का, आम्हाला का नाही सांगितलं?"

"कायले सांगू? सुतक पाळलं असतं तुमी?"

चैत्रात अक्का भर दुपारी बागेतल्या विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या लुगड्याने घरी आली होती. ऊन लागलं म्हणाली. म्हातारपणी असं न्हायचं असतं का, म्हणून मी तिला रागावले होते, आल्याचा चहा दिला होता. तिने तो मुकाट्याने प्यायला होता.

नाना उठून बाहेर गेले. माझी मूठ तशीच गव्हाने भरलेली होती. अक्का जवळ आली, माझा हात धरून सुपावर नेला.

"पुढचं नाव घे," ती म्हणाली. "तुझंच हाये."