पन्नास पावलं अलीकडे

सालेमचा फोन आला तेव्हा मी आखातात, अल खौदच्या घरी चहा गाळत होतो. "माँ चला गया, इंजिनियर," तो त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, गेली. शेळ्या राखणारी, आणि माझी फार मोठी चूक पोटात घालणारी बाई.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुक्मच्या बाजूला, वाळवंटात, एका रस्त्याचा सर्व्हे करत होतो. सगळा सपाट माळ. एका बाभळीच्या फांद्यांना पातेली, घोंगड्या, पखाल टांगलेली दिसली. माणूस कुणी नाही. कुणीतरी टाकून गेलं असणार, असं धरून मी गाडी थेट सावलीत घ्यायला लावली आणि तक्त्यात ठोकून दिलं, 'वस्ती नाही'. रस्त्याची रेघ नेमकी बुंध्यातून जात होती.

ड्रायव्हर युसूफभाई रत्नागिरीचे, या मुलखात वीस वर्षं काढलेले. ते गाडीतून उतरेनात. "सायब, गाडी मागं घेऊ द्या. हे घर हाय. बाया शेळ्या घेऊन गेल्यात, येतील."

मी हसलो. ना दार, ना भिंत, घर कसलं?

ऊन उतरल्यावर शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागून उम्म सालेम, सोबत छोटी नात मोझा. बाई चिडली नाही. चटई अंथरून तिनं वाडग्यात दूध दिलं, आधी आम्हाला, मग नातीला. मग युसूफभाईंकरवी विचारलं, "तुझ्याकडे पाहुणे चुलीपर्यंत गाडी आणतात का?" पन्नास पावलं अलीकडे थांबायचं, हाक द्यायची, घरचं कुणी सामोरं येईपर्यंत हलायचं नाही, ही तिथली रीत. झाडाला टांगलेल्या सामानाला महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. मी चाचरत रेघेबद्दल सांगितलं. ती झाडाकडे बघत राहिली. "माझी तिन्ही मुलं इथंच झाली," एवढंच म्हणाली.

परतताना बाबा आठवले. विदर्भातली आमची वस्ती गावाबाहेर. गावच्या जुन्या नकाशात नाला होता, पिंपळ होता, आम्ही नव्हतो. बाबा हे जन्मभर कडवटपणे सांगत आले. आणि त्यांच्याच पोरानं 'वस्ती नाही' असं लिहावं? मला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर उभा राहिलो. माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. चूक कबूल केली तर घरी जावं लागेल अशी धास्ती होती. साहेब पुष्कळ ओरडले. शेवटी म्हणाले, "खलास, हलव रेघ." नवा तक्ता भरायला मी पुन्हा झाडाकडे गेलो. 'वस्ती. माणसं सात.' शेळ्यांचा नुसता आकडा उम्म सालेमला चालेना. एकेकीला हाक मारून तिनं मला बेचाळीस नावं लिहायला लावली. ऑफिसात त्या तक्त्यावरून माझी जी थट्टा झाली, ती काही विचारू नका!

कंत्राट वाढलं. पुढे दर ईदला जात राहिलो. "आला रस्त्याचा बाप," म्हणून ती हसायची आणि वाडगा पुढे करायची. रस्ता झाला, वळसा घालून. त्याच रस्त्यानं मोझा शाळेला गेली. आता अल खौदच्या विद्यापीठात शिकते. सुट्टी लागली की थेट शेळ्यांमागे.

फोननंतर तीन आठवड्यांनी गेलो. पन्नास पावलं अलीकडे गाडी थांबवली, हाक दिली आणि उन्हात उभा राहिलो. फांदीला तोच वाडगा टांगलेला होता. डोळे भरून आले... आज कोण सामोरं येणार?

शेळ्यांच्या गर्दीतून मोझा बाहेर आली.

"या काका," ती म्हणाली, "आम्ही घरीच आहोत."