शेजारणीकडची चावी

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे. पण पोलादपूरला असताना हाती आलेलं एका घराचं प्रकरण काही केल्या विसरता येत नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, तरी आठवण निघाली की तोंड कडू होतं.

खबर पोलीस पाटलाची होती. आंबेनळीच्या रस्त्याला वर एक वाडी आहे. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. त्यातल्या एका स्लॅबच्या घरावर बँकेने जप्तीची नोटीस चिकटवली होती. पाटील फोनवर म्हणाला, "सायेब, मालकानं कर्ज काढलंच नाय. नोटिशीवर नाव दुसऱ्याचंच हाय."

ते नाव त्याच वाडीतल्या, महाडला सिमेंट-पत्र्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाचं होतं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उताराच काय तो आधार. या पठ्ठ्याने बनावट उतारा केला, शेजाऱ्याचं बंद घर स्वतःचं म्हणून तारण ठेवलं आणि हप्ते थकवले. आम्ही त्याला दुकानातूनच उचलला. तो फार वेळ टिकला नाही. असली माणसं घेताना वाघ असतात, कोठडीत शेळी होतात.

पण माझा प्रश्न वेगळा होता. बँक घर न पाहता पैसे देत नाही. वकील कागद तपासतो आणि व्हॅल्युअर जागेवर जाऊन माप घेतो, आतून-बाहेरून फोटो काढतो, किंमत ठरवतो. मग कुलूप असलेल्या घराचे आतले फोटो कसे निघाले?

उत्तर घेऊन मालकच ठाण्यात आला. मुंबईत गोदीत राबून त्याने फंडाच्या पैशातून ते घर बांधलं होतं. सोबत शेजारची काकी होती, पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी. ठाणे अंमलदारासमोर तो तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चावी हिच्याकडेच असते. हिला आधी आत घाला."

काकी रडली नाही. तिने पदराच्या गाठीतली चावी सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "दार मीच उघडलं, सायेब. दुकानवाला म्हनला, मालकाचा फोन आलाय, घराचं माप घ्यायचं हाय. गावचा मानूस. मी उघडलं, झाडलं, चा पन केला."

वाडीत मुंबईला जाणारा प्रत्येक जण चावी शेजारी देऊन जातो. वायरमन येवो, गळती काढणारा येवो, चावीवाली उघडून देते. काकीकडे अशा चार घरांच्या चाव्या होत्या. एवढ्या वर्षांत कुणाचं भांडंही इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि आता बँकेच्या अहवालातल्या फोटोत दारात दुकानदार उभा आणि बाजूला हातात चावी घेतलेली ती. बँकेचा अधिकारी तर तिला सहआरोपी करा म्हणून मागेच लागला. दोषारोपपत्रात तिचं नाव गेलं असतं, तर बाई त्या वाडीत तोंड दाखवू शकली नसती.

व्हॅल्युअरला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. जागेवर कसे गेलात विचारलं. म्हणाला, कर्जदाराच्या गाडीतून. जेवण? तेही त्याचंच, महाडला. आजूबाजूला चौकशी? चावीवाल्या बाईंनीच दार उघडलं, मग कसली चौकशी. ज्याच्या घराची किंमत काढायची त्याच्याच गाडीत बसायचं, त्याचंच मटण खायचं. कुंपणच शेत खात होतं, आणि वर शेताचं माप देत होतं.

पंचनाम्याला मी अहवालातले फोटो बरोबर घेऊन गेलो. पुढच्या खोलीत मालकाच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो होता. खाली नाव आणि निधनाची तारीख रंगवलेली. अहवालात तीच भिंत होती, पण फोटोच्या जागी नुसता खिळा आणि भोवती फिकट चौकोन. मी काकीला विचारलं, हा फोटो कुणी उतरवला?

"मीच," ती म्हणाली. "मापाचे सायेब बोलले, भिंत मोकळी दिसाय पायजे. मी पदरानं पुसून आतल्या खोलीत ठेवला. ते गेल्यावर परत लावला. मेलेल्या मानसाला जमिनीवर कसं ठेवायचं?"

व्हॅल्युअर म्हणाला, बाई खोटं बोलते, भिंतीवर काहीच नव्हतं. मग आम्ही त्याचा मोबाइल तपासला. हा गडी शिकलेला, पण आळशी. अहवालात लावलेल्या फोटोच्या आधी त्याने त्याच भिंतीचा एक फोटो काढला होता, आणि तो पुसायचा राहिला होता. त्यात हार होता, म्हातारा होता, खाली भलतंच आडनाव होतं. घर कर्जदाराचं नाही हे त्याला तिथे उभ्या उभ्याच कळलं होतं. फोटो समोर ठेवल्यावर त्याने पाणी मागितलं.

व्हॅल्युअर आरोपी झाला, काकी साक्षीदार. एवढंच मी करू शकलो.

जबाब नोंदवताना मात्र मी जे ऐकलं त्याची चीड आजही येते. वकील म्हणाले, मी कागद पाहतो, घर पाहणं व्हॅल्युअरचं काम. व्हॅल्युअर म्हणाला, मी किंमत काढतो, मालकी पाहणं वकिलांचं काम. बँकेचा अधिकारी म्हणाला, माझ्याकडे दोघांचे अहवाल होते. त्या सबंध प्रकरणात 'हे मी केलं' असं आपणहून म्हणणारं माणूस एकच निघालं, आणि तिने गुन्हा केलेला नव्हता. गुन्हेगार ओळखायला पोलीस शिकतो. निर्दोष माणूस मात्र बऱ्याचदा स्वतःहून मान पुढे करतो, आणि घाईतला तपास तीच मान पकडतो. ते प्रकरण मला एवढं शिकवून गेलं.

खटला अजून महाडच्या कोर्टात तारखा खातो आहे. आरोपी जामिनावर आहेत. व्हॅल्युअर दुसऱ्या जिल्ह्यात घरांची मापं घेतो असं ऐकलं. काकीची चावी मुद्देमालात पडून आहे. मालकाने नवं कुलूप लावलं आणि चावी मुंबईला नेली. ते पाहून उरलेल्या तिघांनीही आपापल्या चाव्या तिच्याकडून मागून घेतल्या. तिला कुणी शिवी दिली नाही, नुसत्या चाव्या नेल्या.

मागच्या पावसाळ्यात महाबळेश्वरला जाताना मी मुद्दाम वाडीत थांबलो. ती मालकाच्याच ओटीवर वाकून गोणपाटाने पाणी टिपत होती. आत स्लॅब गळत होता, पाणी दाराखालून बाहेर येत होतं. मालकाला कळवलं का, विचारलं.

"तो फोन उचलत नाय माझा," ती म्हणाली. "आत त्याच्या बापाचा फोटो भिजत असंल, सायेब. चावी असती तर उतरवून ठेवला असता."