पायातले बोल्ट

महागावजवळच्या जिनिंगच्या लोखंडी शेडचं डिझाइन माझं होतं. कापसाचे भाव पडले, तसं मालकाने खर्च वाचवायला बाजूच्या भिंती रद्द केल्या. मी मात्र पायाचा नकाशा तसाच ठेवला. पायात बोल्ट बसवायला आलेला फिटर पन्नाशीचा होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. प्रत्येक बोल्ट तो तळहातावर तोलून बघायचा. काँक्रीट ओतण्याआधी तो थांबला.

"साहेब, भिंती तं गेल्या. आता हवा आत घुसून छप्पर वरतं उचलन. हे बोल्ट पुरतीन काय?"

मी चिडून गणित पुन्हा मांडलं. बोल्ट पुरत नव्हते. चूक माझी आहे, असं मालकाला सांगून मी ते बदलायला लावले.

"तुमच्या ध्यानात कसं आलं?" मी फिटरला विचारलं.

"मांगं असंच एक छप्पर उडालं. त्याच्याखाली मी दबलतो," तो म्हणाला आणि पाना उचलून पुढच्या खड्ड्याकडे गेला.